टी-शर्टचा सातबारा

मॉलमधला बारकोड किंमत सांगतो, लेबल देश सांगतं. पण सोनपेठच्या शिवारात फुटलेलं बोंड तुमच्या-आमच्या अंगावर येईपर्यंत किती हातांतून जातं? आणि या जागतिक साखळीत नेमकं अडतं कुठे?

आत्ता तुम्ही जो टी-शर्ट घातलाय ना, त्याच्या मानेमागचं लेबल बघा. (ऑफिसात असाल तर राहू द्या, घरी गेल्यावर बघा.) 'मेड इन बांगलादेश' असेल, 'मेड इन व्हिएतनाम' असेल, नाहीतर मग आपलं तिरुपूर. शंभर टक्के कॉटन, थंड पाण्यात धुवा, ब्लीच नको... सगळं लिहिलेलं असतं. फक्त हा कॉटन कुठल्या रानात उगवला ते नसतं. आणि गंमत म्हणजे ते छापायचं ठरवलं, तरी बहुतेक कंपन्यांना सांगता येणार नाही. त्यांनाच माहीत नसतं!

सप्लाय चेन मॅनेजमेंट म्हटलं की आपल्याकडे पहिलं उदाहरण येतं ते मुंबईच्या डबेवाल्यांचं. २००३ साली प्रिन्स चार्ल्स चर्चगेटला येऊन त्यांना भेटून गेले, तेव्हापासून तर प्रत्येक एमबीएच्या प्रेझेंटेशनमध्ये एक पांढरी टोपी असतेच. पण माझ्या मते डबेवाल्यांच्या साखळीतली सर्वात भारी गोष्ट वेगळीच आहे. डबा भरणारी व्यक्ती आणि तो खाणारा माणूस एकमेकांना ओळखतात. भाजीत मीठ जास्त पडलं तर संध्याकाळी घरी कळतं. दुसऱ्या दिवशी मीठ कमी. मधल्या एवढ्या सायकली, लोकल आणि हातगाड्या ओलांडून तक्रार एका दिवसात मूळ जागी पोचते.

कापसाच्या साखळीत मीठ जास्त झालं तर कुणाला कळतं? हा प्रश्न डोक्यात घेऊन मी सोनपेठला गेले.

सोनपेठ हा परभणी जिल्ह्यातला तालुका. गोदावरीच्या दक्षिणेला, पलीकडे लगेच बीड जिल्हा सुरू. रेल्वे पकडायची तर परळी नाहीतर गंगाखेड गाठायचं. खरिपात दोनच पिकांची चर्चा, कापूस आणि सोयाबीन. ज्याच्याकडे पाणी त्याचा ऊस. हा मराठवाड्याचा अस्सल कापूसपट्टा आहे. मानवत आणि सेलूच्या बाजारपेठा याच जिल्ह्यातल्या. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने ऐंशीच्या दशकात काढलेलं एनएचएच-४४ हे संकरित वाण या भागाने वर्षानुवर्षं पेरलं. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि मग सगळं चित्र बदललं. पण ती वेगळ्या लेखाची गोष्ट.

खताचं पोतं

मी गेले तेव्हा दुसरी वेचणी चालू होती. सकाळचे साडेनऊ. दव अजून पुरतं उडालेलं नव्हतं. रानात आठ-दहा बायका, कमरेला जुन्या साडीची ओटी बांधलेली, दोन्ही हात सारखे चाललेले. बोंडातून कापूस ओढायचा, ओटीत टाकायचा. ओटी भरली की बांधावर ठेवलेल्या पोत्यात रिकामी करायची. ते पोतं कसलं, तर युरियाचं. पांढरं, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणलेलं, कडेने दोरे सुटलेलं.

हे पोतं नीट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

वेचणीचा हिशोब किलोवर असतो. त्या रानात किलोला दहा रुपयांच्या आसपास दर चालू होता. रान चांगलं फुटलेलं असेल तर एकीचा दिवसाला चाळीस-पन्नास किलो कापूस होतो. शेवटच्या वेचणीला बोंडं तुरळक असतात, तेव्हा तोच आकडा वीसवर येतो. मी एका मावशींबरोबर तासभर वेचून पाहिलं. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी लागतात, हे कुठल्याच केस स्टडीत लिहिलेलं नसतं. माझा तासाचा कापूस पाहून आख्खी रांग हसली.

"मावशी, हा पानाचा चुरा, ही कवडी, ही वेगळी नाही काढत?" मी विचारलं. (कवडी म्हणजे किडकं, नीट न उमललेलं बोंड.)

"काढायला येतंय की. पण मंग दिवसाला भरंल किती? पैसे किलोवर हायत ताई, पानं निवडायचे कोन देतंय?"

झालं. सप्लाय चेनचा आख्खा धडा या एका वाक्यात आहे. वजनावर पैसे दिले की वजन येतं. दव असताना वेचलेला कापूस जड भरतो, पान चिकटलेला कापूस जड भरतो. आणि मावशींचं यात काही चुकतंय असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

शेतमालकाला विचारलं, की दादा, कापडी पिशव्या का नाही देत? तेही मोकळेपणाने बोलले. खताचं पोतं घरात फुकट पडलेलं असतं, पिशव्या विकत आणाव्या लागतात. आणि मजूर मिळतात हेच नशीब. दसरा-दिवाळी झाली की या भागातल्या तांड्यांवरची, वस्त्यांवरची जोडपी ऊसतोडीला निघून जातात. कोयता आणि कापूस यांचा हंगाम एकच. उरलेल्या बायकांना 'दव उडाल्यावर या, पान काढा, डोक्याला सुती फडकं बांधा' अशा अटी घातल्या तर त्या शेजारच्या रानात जातील.

"बरं, एवढं करून निर्मळ कापूस नेला, तर व्यापारी काय देतंय जास्तीचं? पन्नास रुपये क्विंटलला. तेबी मूड असला तं."

प्लास्टिकचा एक धागा

रानातून कापूस निघतो तो टेम्पोने जिनिंगला. काट्यावर गाडी चढते, वजन होतं, हातात काटापट्टी पडते. त्या चिठ्ठीवर शेतकऱ्याचं नाव असतं, गाव असतं. गाडी आवारात जाते आणि कापूस गंजीवर ओतला जातो. आधीच्या गाडीचा कापूस खाली, याचा वर, पुढच्याचा आणखी वर. दहा मिनिटांत कुणाचा कुठला हे देवालाही सांगता येणार नाही.

जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी होते. शंभर किलो कापसातून साधारण ३३-३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीचं तेल निघतं, पेंड जनावरांना. रुई दाबून गाठ बांधतात. एक गाठ १७० किलोची, म्हणजे तिच्यात पाचेक क्विंटल कापूस जातो. आपल्याकडची बहुतेक यंत्रं डबल रोलर पद्धतीची आहेत. हे जिनिंग सौम्य असतं, तंतूची लांबी टिकते. पण युरियाच्या पोत्याचा सुटलेला दोराही त्यातून बिनबोभाट रुईत निघून जातो.

आता त्या दोऱ्याच्या मागे जाऊ.

गाठ ट्रकने निघते. तमिळनाडूतल्या एखाद्या सूतगिरणीत, हजारेक किलोमीटरवर, ती फुटते. तिथे आधुनिक गिरण्यांमध्ये कॅमेरे आणि सेन्सर असतात, ते परका तंतू दिसला की फुंकरीने उडवून लावतात. रंगीत दोरा असला तर सापडतो. पांढरं प्लास्टिक पांढऱ्या रुईत सहज चकवतं. त्याचं सूत होतं, सुताचं कापड होतं, आणि कापड रंगवलं की मगच हा पाहुणा ओळखू येतो. प्लास्टिकला कापसाचा रंग चढत नाही! नेव्ही ब्लू टी-शर्टवर छातीपाशी एक पांढरी रेघ. तो पीस एक्स्पोर्टला जात नाही. 'सेकंड्स' म्हणून तुम्ही-आम्ही फॅशन स्ट्रीटला दीडशे रुपयांत घासाघीस करून घेतो, त्यातला एखादा असाच असतो.

मिलवाला चिडतो, पण कुणावर चिडणार? गाठीत कुणाकुणाचा कापूस होता ते त्याला ठाऊक नाही. मग तो सोपा मार्ग काढतो. भारतीय कापूस म्हणजे कचरा असणारच, असं धरून दर पाडून मागतो. आणि ज्या ऑर्डरमध्ये रिस्क नको, तिच्यासाठी ऑस्ट्रेलिया-अमेरिकेचा मशीनने वेचलेला, परक्या धाग्यांपासून जवळपास मुक्त असा कापूस आयात करतो. म्हणजे कापसाखालचं क्षेत्र जगात सर्वात जास्त ज्या देशात, त्या देशातली गिरणी स्वच्छतेसाठी बाहेरून कापूस आणते. ज्या मावशी हाताने, एकेक बोंड पाहून वेचतात, त्यांचा कापूस खरं तर मशीनपेक्षा स्वच्छ असायला हवा होता की नाही?

या सगळ्यातलं सोनपेठपर्यंत काय पोचतं? काहीच नाही. छातीवरच्या पांढऱ्या रेघेची बातमी परत येत नाही. येतो तो फक्त पडलेला भाव, आणि तोही सगळ्यांना सारखाच.

एके काळी ही साखळी आखूड होती. निजामाच्या राज्यात नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली. परभणीकडचा कापूस, नांदेडची गिरणी, शंभर-सव्वाशे किलोमीटरचा खेळ. ती मिल बंद पडली. मधल्या काळात १९७२ पासून सरकारची एकाधिकार कापूस खरेदी होती. पणन महासंघाशिवाय कुणाला कापूस विकायचा नाही असा कायदा, चुकाऱ्यांची वाट पाहणं, आणि बाहेर भाव चढला की शेजारच्या राज्यात चोरून जाणाऱ्या गाड्या. ती योजना या शतकाच्या सुरुवातीला गुंडाळली गेली. बाजार मोकळा झाला. साखळी लांब झाली ती थेट चट्टोग्राम आणि हो ची मिन्ह सिटीपर्यंत.

आसूड

सप्लाय चेनच्या पुस्तकात एक लाडकी कल्पना आहे, 'बुलव्हिप इफेक्ट'. मराठीत आसूड म्हणू. मुठीशी हात जरासा हलतो, पण आसुडाचं टोक सप्पकन केवढं तरी फिरतं. प्रॉक्टर अँड गँबल कंपनीला हे लहान बाळांच्या डायपरमध्ये दिसलं. बाळं रोज तेवढीच लंगोटी ओली करतात, पण दुकानदार थोडी जास्त ऑर्डर देतो, डीलर त्याहून जास्त, आणि कारखान्यापर्यंत जाता जाता आकडे वेड्यासारखे वरखाली होतात. प्रत्येक जण फक्त आपल्या पुढच्याला बघतो, शेवटच्या गिऱ्हाइकाला कुणीच बघत नाही.

कापसात या आसुडाची मूठ न्यूयॉर्क-लंडनच्या शोरूममध्ये आहे, आणि टोक सोनपेठमध्ये.

२०२० च्या मार्चमध्ये दुकानं बंद झाली आणि मोठ्या ब्रँड्सनी धडाधड ऑर्डरी रद्द केल्या. एकट्या बांगलादेशात तीन अब्ज डॉलरहून जास्त किमतीच्या ऑर्डरी रद्द झाल्या नाहीतर लटकल्या. इकडे मराठवाड्यात घराघरात कापूस पडून राहिला, सरकारी खरेदी ऐन पावसाच्या तोंडापर्यंत रखडत चालली. मग लॉकडाऊन उठलं, लोक खरेदीला तुटून पडले, सगळ्यांना एकदम माल हवा झाला. २०२२ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात रुई पौंडाला दीड डॉलरच्या घरात गेली. महाराष्ट्रात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला. तोवर बहुतेक लहान शेतकऱ्यांचा कापूस विकून झाला होता, हे सांगायला नकोच.

जून २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या रिटेल कंपनीने जाहीर केलं, की गोदामात माल फार झालाय, डिस्काउंट देतो आणि ऑर्डरी कापतो. तीच गत इतरांची. वर्षअखेरीस तिकडची रुई ऐंशी-पंच्याऐंशी सेंटच्या आसपास आली. पण टार्गेटचं प्रेसनोट सोनपेठच्या पारावर कोण वाचणार? इथे लोकांच्या डोक्यात दहा हजार पक्के बसले होते. २०२२-२३ च्या हंगामात शेतकऱ्यांनी कापूस विकला नाही. घरात साठवला. पुढच्या खोलीत, मागच्या खोलीत, माळ्यावर. भाव आठ हजार होता तेव्हा दहाची वाट पाहिली. उन्हाळ्यात तो सात हजारांवर आला आणि पेरणीला पैसे हवेत म्हणून मिळेल त्या भावात द्यावा लागला. त्या वर्षी साठवलेल्या कापसाने घरातल्या लोकांना, पोराबाळांना अंगभर खाज सुटल्याच्या बातम्या आल्या होत्या. आमच्या न्यूजरूममधल्या एकाला ती 'विनोदी बातमी' वाटली होती.

सोनपेठच्या एका घरात मला ती खोली दाखवली. दहा बाय दहाची. "इथं चाळीस क्विंटल होता. पोरगी बारावीला, तिचा अभ्यास वसरीत."

फास्ट फॅशनवाले अभिमानाने सांगतात, की आमचं डिझाइन दोन-तीन आठवड्यांत दुकानात लागतं. लागत असेल. पण कापूस जूनमध्ये पेरला की पहिली वेचणी दसऱ्याच्या सुमाराला. तीन आठवड्यांत मन बदलणाऱ्या माणसाला सहा महिन्यांचं पीक माल पुरवतंय, आणि मन बदलल्याची किंमत कुणी मोजायची याचा करार कुठेच झालेला नाही.

क्यूआर कोडच्या अलीकडे

सुधारणा होतच नाहीत असं नाही हं. उलट सध्या कापसाच्या जगात 'ट्रेसेबिलिटी' हा सर्वात हॉट शब्द आहे. ट्रेसेबिलिटी म्हणजे माल कुठून आला याचा माग. २०१६ मध्ये याच टार्गेटने वेलस्पन या भारतीय कंपनीशी संबंध तोडले होते. 'इजिप्शियन कॉटन' म्हणून विकलेल्या साडेसात लाखांच्या आसपास चादरी आणि अभ्रे दुसऱ्याच कापसाचे निघाले म्हणून. २०२२ च्या जूनपासून अमेरिकेत चीनच्या शिनजियांगमधल्या कापसाला कायद्याने बंदी आहे. तिथला कापूस आमच्या मालात नाही हे सिद्ध करायचं काम आयातदाराचं. युरोपात २०२४ मध्ये नवा कायदा लागू झाला, त्याखाली वस्तूंना डिजिटल पासपोर्ट द्यायचा आहे, आणि कपडे त्याच्या पहिल्या यादीत आहेत. थोडक्यात, गोऱ्या लोकांना आता टी-शर्टचा सातबारा हवाय.

आपणही तयारीला लागलोय. ७ ऑक्टोबर २०२०, म्हणजे जागतिक कापूस दिनाला, भारताच्या कापसाला 'कस्तुरी' हा ब्रँड मिळाला. त्याच्या गाठींना क्यूआर कोड, मागे ब्लॉकचेन. भारतीय कापूस महामंडळाच्या गाठींवरही आता असा कोड असतो. स्कॅन केला की गाठ कुठे, कधी झाली ते कळतं. 'बेटर कॉटन'सारख्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमांतही महाराष्ट्रातले शेतकरी मोठ्या संख्येने आहेत. तिथली गंमत मात्र ऐका. बरीच वर्षं हा कार्यक्रम 'मास बॅलन्स'वर चालला. म्हणजे जेवढा चांगला कापूस खात्यावर जमा, तेवढाच खर्ची टाकायचा, मग प्रत्यक्ष कपड्यात कुठलाही कापूस असो. बँकेत आपण भरलेली नोट आपल्यालाच परत मिळत नाही, तसं. खऱ्या मागाची सोय त्यांनी २०२३ च्या अखेरीस सुरू केली.

हे सगळं छान आहे. पण जिनिंगच्या आवारात त्या गंजीसमोर उभं राहिल्यावर मला एक साधी गोष्ट दिसली. क्यूआर कोड चिकटतो गाठीवर, आणि गाठ होते गंजी मिसळल्यानंतर. युरियाचं पोतं, दव, कवडी, किलोवरचे पैसे, हे सगळं कोडच्या अलीकडे घडून गेलेलं असतं. शेतकऱ्याच्या नावाची काटापट्टी अजूनही कागदाचीच, आणि ती त्याच्याच खिशात राहते.

जिनिंगच्या शेठना मी विचारलं, की स्वच्छ कापसाची गंजी वेगळी का नाही लावत? ते हसले नाहीत. गल्ल्यावरचा कॅलक्युलेटर घेऊन त्यांनी हिशोबच मांडला. गिरणी एकदोन गाठी घेत नाही. सौदा होतो शंभर गाठींच्या लॉटचा. शंभर गाठी म्हणजे पाचशे क्विंटल कापूस. एका जातीचा, एका लांबीचा, एकसारखा वेचलेला. "एक शेतकरी आनतो पंधरा-वीस क्विंटल. त्याच्यासाठी मशीन थांबवून साफ करू का? पाचशे एकदम आना, वेगळी गंजी लावतो."

मला हे उत्तर आवडलं. कारण यात अडचण तर आहेच, पण आकडाही आहे.

दोन रुपये कसे जातील?

आता थोडं गणित, प्लीज. क्विंटलभर कापसाच्या रुईतून, वाया जाणारं धरून, दीडशेच्या आसपास टी-शर्ट होतात. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. म्हणजे हमीभाव पूर्ण मिळाला तरी एका टी-शर्टमागे शेतात येतात पन्नास-पंचावन्न रुपये. त्यात वेचणीचे साडेसहा-सात. मावशींना स्वच्छ वेचणीसाठी किलोला तीन रुपये जास्त द्यायचे ठरवले, तर टी-शर्टमागे खर्च वाढतो दोन रुपयांनी. दोन रुपये! पार्किंगला आपण यापेक्षा जास्त देतो.

प्रश्न दोन रुपये कुठून आणायचे हा नाहीच. सेकंड्समध्ये जाणाऱ्या पीसपायी गिरणी आणि ब्रँड त्याहून जास्त घालवत असणार. ते दोन रुपये गिरणीपासून रानापर्यंत कुठल्या वाटेने यायचे, हा प्रश्न आहे. गंजीत मिसळलेल्या कापसाला ती वाटच नाही.

राज्य सरकारने २०२० मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने जो 'स्मार्ट' प्रकल्प सुरू केला (पूर्ण नाव बाळासाहेब ठाकरे कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन प्रकल्प, श्वास घेऊन वाचा), त्यातल्या कापसाच्या भागात नेमकी ही वाट बांधायचा प्रयत्न आहे. एका गावाने एकच वाण लावायचं. वेचणी स्वच्छ करायची. आणि मुख्य म्हणजे कापूस न विकता गटाने तो जिनिंगकडून पिळून घ्यायचा आणि गाठी स्वतः विकायच्या. गाठी गटाच्या राहिल्या की दर्जाचा रिपोर्टही गटाच्याच हातात पडतो. तंतूची लांबी, कचऱ्याचं प्रमाण, सगळं. म्हणजे भाजीत मीठ जास्त झाल्याचं पहिल्यांदाच घरी कळतं.

यातही कटकटी आहेत. गाठी विकून पैसे हातात यायला वेळ लागतो, व्यापारी मात्र त्याच दिवशी नोटा मोजतो. दुकानदाराची उधारी, सोसायटीचं कर्ज डोक्यावर असताना महिनाभर थांबणं सोपं नसतं. गटातल्या एकाने युरियाचं पोतं वापरलं तर लॉट सगळ्यांचा बिघडतो, मग भांडणं. शिवाय गाठ बांधून ठेवली आणि भाव पडला तर तोटाही गटाचाच. गोदाम पावतीवर कर्ज मिळतं, पण त्यासाठी कागदपत्रांची जी फाइल लागते ती पाहून माझ्या पासपोर्टची फाइल मला छोटी वाटायला लागली.

आणि हवा तर कुणाच्याच हातात नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला, गोदावरीने जे रूप दाखवलं, त्यात बोंडं झाडावरच काळी पडली. हमीभावाने विकायचं तर ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. त्यात त्या वर्षी महामंडळाने 'कपास किसान' अॅपवर नोंदणी करायला लावली. सातबारा, आधार, स्लॉट. त्याच्या आधी, ऑगस्टमध्ये, केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केलं होतं. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के टॅरिफ लावल्यावर कपडा उद्योगाला श्वास घेता यावा म्हणून. गिरण्यांचं म्हणणं, स्वस्त आणि स्वच्छ कापूस मिळाला तरच आम्ही टिकू. शेतकऱ्यांचं म्हणणं, ऐन वेचणीच्या तोंडावर आमचा भाव पाडला. खरी बात ही, की दोघंही चूक बोलत नव्हते. त्या हंगामात खासगी बाजारातला भाव हमीभावाच्या बराच खाली होता.

सोनपेठहून निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्याच शेतमालक दादांच्या ओसरीवर बसून आम्ही शेठचा आकडा पुन्हा मांडला. पाचशे क्विंटल. कोरडवाहू रानात एकरी पाच-सहा क्विंटल धरले, तर नव्वद-शंभर एकर. म्हणजे फार तर पस्तीस-चाळीस घरं. दादांनी बोटांवर भावकी मोजली, मग गल्ली मोजली. गावात कापूस याच्या कितीतरी पट आहे, असं ते म्हणाले. वाण एक करायचं तर बियाणं मे महिन्यातच ठरवायला हवं. पिशव्या शिवायला टेलर गावातच आहे, त्याच्याशी ते बोलणार होते. किलोला तीन रुपये जास्त देण्यावर मात्र ओसरीवर बराच वेळ वाद झाला. त्या वादात मावशी नव्हत्या. त्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या रानात वेचायला जाणार होत्या, तिथे दर अकरा होता.